चेंडू ओला का?

मुलांनो, कुणाच्या घरी गाडी आली की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती पळते हो?" मोठी माणसंही काही मागे नाहीत. ती विचारतात, "लिटरला किती देते?" पण गाडी थांबते कशी, असं कुणी विचारलेलं मी तरी अजून ऐकलेलं नाही. खरं तर पळण्यापेक्षा थांबणं जास्त अवघड. पळायला एवढं मोठं इंजिन असतं, आणि थांबवायला? माणसाचा एक पाय आणि नळ्यांमधलं थोडंसं तेल!

हसू नका. खरंच सांगते. आणि खात्री करून घ्यायची असेल तर त्यासाठी गाडीची गरजही नाही. मेडिकलच्या दुकानातून दोन नव्या सिरिंज आणा, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. सुया मात्र आणायच्या नाहीत हं! माशांच्या पेटीला लावतात तशी बारीक प्लॅस्टिकची नळी घ्या आणि दोन्ही सिरिंजची तोंडं तिने जोडा. आत पाणी भरा. एकही बुडबुडा राहता कामा नये. आता छोटी सिरिंज घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या हातात द्या आणि मोठी सिरिंज सगळ्यात दांडग्या दादाच्या हातात. दोघांनी आपापले दट्टे अंगठ्याने दाबायचे.

आमच्या चौथीच्या वर्गात हा सामना लावला तेव्हा एकच गलका झाला. वर्गात सगळ्यांत किरकोळ असलेल्या मुलीने आमच्या पैलवानाचा दट्टा मागे ढकलला. पैलवान म्हणाला, "बाई, माझी सिरिंज खराब आहे." अदलाबदल केली. मग पैलवान जिंकला. म्हणजे सिरिंज चांगली होती!

ही गंमत ज्याने उलगडून सांगितली त्याचं नाव ब्लेझ पास्कल. १६२३ साली फ्रान्समध्ये जन्मला आणि जेमतेम ३९ वर्षं जगला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला, तर तो दाब जसाच्या तसा सगळीकडे पोचतो, हा त्याचा नियम. समजा, छोट्या दट्ट्याचं तोंड १ चौरस सेंटिमीटरचं आहे आणि त्यावर तुम्ही ४ किलोचा जोर लावला. मोठ्या दट्ट्याचं तोंड ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर त्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ४ किलो, म्हणजे एकूण १६ किलोचा जोर तिकडे मिळणार. लॉटरीच लागली म्हणा ना! पण फुकट काही नाही बरं का. मोठा दट्टा १ सेंटिमीटर सरकवायला छोटा ४ सेंटिमीटर दाबावा लागतो.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला सगळे 'का'साहेब म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'का' या अक्षरावर संपतं. त्याने मुद्दाम नळीत थोडी हवा शिरू दिली आणि दट्टा दाबला. दट्टा अर्धा आत गेला, पण पलीकडचा जागचा हलला नाही. बुडबुडा तेवढा आक्रसला. "बाई, असं का?" पाणी दाबून लहान होत नाही, हवा होते. तुमचा सगळा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यातच संपतो. हा बुडबुडा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

गाडीत हेच सिरिंजचं घराणं असतं. ब्रेकचं पेडल म्हणजे तरफ. ती पायाचा जोर काही पटींनी वाढवून मास्टर सिलिंडर नावाच्या मोठ्या सिरिंजकडे देते. तिथून लोखंडी नळ्या चाकांपर्यंत जातात. चाकं वळतात, खालीवर होतात, म्हणून शेवटचा टप्पा जाड रबरी नळीचा. पुष्कळ छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत लोखंडी डब्यासारखा ड्रम असतो. त्याच्या आत करंगळीपेक्षा थोडी लांब अशी एक सिरिंज बसवलेली असते, तिचं नाव व्हील सिलिंडर. हिला दोन्ही बाजूंना दट्टे. तेलाचा दाब आला की दट्टे बाहेर सरकतात आणि अर्धचंद्रासारखे दोन लायनर फिरणाऱ्या ड्रमला आतून घट्ट घासतात. झालं, चाक थांबलं! पुढच्या चाकांना बहुधा डिस्क असते. तिथे एक चकती दोन पॅडच्या चिमटीत धरली जाते.

पूर्वी हे काम सळ्या आणि तारांनी व्हायचं. चार चाकांना सारखा ब्रेक लागेल अशा बेताने त्या ताणून ठेवणं म्हणजे मोठा व्याप. अमेरिकेत १९२१ साली ड्यूसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना तेलाचे ब्रेक असलेली मोटार विकायला आणली. तेव्हापासून हळूहळू सगळ्यांनीच तेल धरलं. हँडब्रेक मात्र अजूनही पुष्कळ गाड्यांत तारेचाच असतो, आणि तेच बरं आहे.

आता तेलाची गोष्ट.

आमचं घर पाटण तालुक्यात, शाळेला लागूनच आहे. दारात शहाबादी फरशीचं अंगण, आणि तिथे आमची जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली छोटी गाडी उभी असते. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुलं मैदानात खेळत होती. चेंडू गडगडत आमच्या गाडीखाली गेला. 'का'साहेबांनी काठीने तो बाहेर ओढला, हातात घेतला आणि माझ्याकडे आले.

"बाई, चेंडू ओला का?"

पाऊस नव्हता. गाडी धुतलेली नव्हती. चेंडूच्या एका बाजूला ओलसर पट्टा होता आणि त्यावर धूळ चिकटली होती. मी वाकून पाहिलं. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला, टायरवर, एक ओला ओघळ होता आणि खाली फरशीवर रुपयाएवढा डाग.

गाडीखाली डाग दिसला म्हणजे लगेच घाबरायचं कारण नसतं. उन्हाळ्यात एसी लावून आलेल्या गाडीतून पाणी ठिबकतंच. ते स्वच्छ असतं आणि वाळलं की खूणही राहत नाही. इंजिनचं तेल दाट आणि काळपट, डाग बहुतेक गाडीच्या पुढच्या भागाखाली. रेडिएटरमधलं पाणी हिरवं किंवा गुलाबी असतं आणि त्याला गोडसर वास येतो. (ते विषारी असतं. गाडीखालचं कुठलंही पाणी चाखून बघायचं नाही!) आमचा डाग यांतला नव्हता. चिंधीवर टिपला तर पिवळसर, पातळ, बोटांना बुळबुळीत. शिवाय तो चाकापाशी होता, आणि चाकापाशी असलं पातळ तेल सहसा एकच असतं. मी हात साबणाने धुतले, चेंडू धुतला आणि बॉनेट उघडलं.

तिथे पांढरट प्लॅस्टिकची एक डबी असते. तिच्यावर दोन रेघा, वर 'मॅक्स' आणि खाली 'मिन'. ही ब्रेकच्या तेलाची डबी. तेल कायम या दोन रेघांच्या मध्ये असायला हवं. पुढचे पॅड झिजत जातात तशी तेलाची पातळी अगदी सावकाश, महिनोन् महिने, उतरते. ते वयोमानाप्रमाणे होतं. पण आमच्या यजमानांनी पंधराच दिवसांपूर्वी डबी पाहिली होती. तेव्हा तेल वरच्या रेघेला होतं. आज ते खालच्या रेघेला टेकलं होतं. पंधरा दिवसांत पॅड झिजत नाहीत. तेल कुठेतरी बाहेर जात होतं.

आता तुम्हाला खरी अडचण सांगते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, चिपळूणला माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. सकाळची शाळा सुटली की गाडीने निघायचं ठरलं होतं. आम्ही दोघं, आमची सहावीतली मुलगी, सासूबाई आणि थोरले भाऊजी. रस्ता कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट. ज्यांनी हा घाट पाहिलाय त्यांना सांगायला नको. हेळवाक सोडलं की वळणं सुरू होतात, आणि पोफळी येईपर्यंत उतारच उतार.

भाऊजी म्हणाले, "एवढ्याशा थेंबासाठी? पन्नास वेळा घाट उतरलोय मी. ब्रेक ऑइलची बाटली घ्या, डबी भरा आणि चला. सोमवारी दाखवू गॅरेजला."

भाऊजी वाईट नाहीत हं, उलट फार प्रेमळ आहेत. आणि त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. एका चाकाचं तेल गळलं म्हणून सगळेच ब्रेक जात नाहीत. आताच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरचे आत दोन भाग असतात. पुष्कळ छोट्या गाड्यांमध्ये एका भागाकडे पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक असतं, आणि दुसऱ्याकडे उरलेली दोन. एक भाग रिकामा झाला तरी दुसरा काम करतो. पण पेडल खूप खाली जातं आणि गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. सपाट रिकाम्या रस्त्यावर ते अंतर मिळेलही. घाटात वळण तुमच्यासाठी पुढे सरकत नाही.

आणि घाटात आणखी एक गोष्ट होते. सारखा ब्रेक दाबला की लायनर, ड्रम आणि त्यांच्याबरोबर तेलही तापतं. ताजं, कोरडं ब्रेक ऑइल तापायला चांगलं टणक असतं. 'डॉट ३' जातीचं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळायचं नाही, असा नियमच आहे. पण या तेलाला एक खोड आहे, ते हवेतली ओल पितं. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर काय होतं, आठवा. तसंच. पाणी मिसळलेल्या अशा तेलासाठी नियमातला आकडा १४० अंशांवर येतो. तेल उकळलं की वाफ होते, आणि वाफ म्हणजे आपला तो बुडबुडा! मग पेडल दाबा की नाही, चाकाला पत्ताच नाही.

म्हणून मी नाही म्हटलं. घरात जरा तणातणी झाली. मुलगी फुरंगटली, कारण एसटीत खिडकी मिळेल याची खात्री नव्हती. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "एसटीने काय लोक लग्नाला जात नाहीत?" विषय संपला. शनिवारी आम्ही पाचही जण एसटीने चिपळूणला गेलो. भाऊजी पोफळी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. घाटात ड्रायव्हरने गिअर खाली टाकून इंजिनाच्या ओढीवरच गाडी रोखून धरली होती, ब्रेकला अधूनमधूनच पाय लावत होते. मी मुलीला ते दाखवलं. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

निघण्याआधी आम्ही एक काम केलं होतं. चारही चाकांच्या आतल्या बाजूला खाली कोरे पुठ्ठे ठेवले आणि प्रत्येकावर कुठलं चाक ते लिहिलं. रविवारी दुपारी परत येऊन पाहतो तर तीन पुठ्ठे कोरडे. मागच्या डाव्या पुठ्ठ्यावर मात्र एकमेकांत मिसळलेले डाग.

पाटणहून मिस्त्रीकाका संध्याकाळी त्यांच्या मोटारसायकलवर आले. फोनवर त्यांनी बजावलं होतं, "गाडी हलवू नका." अशी माणसं मला आवडतात. मी त्यांना पुठ्ठा दाखवला तर खूश झाले, पण थेट त्या चाकाकडे गेले नाहीत. म्हणाले, "एक गळती दिसली म्हणून एकच असेल असं नाही." आधी बॉनेटखाली मास्टर सिलिंडरच्या सांध्यांवरून कोरडी चिंधी फिरवली. मग गाडीत शिरून पेडलच्या वरच्या बाजूला बोट लावून पाहिलं, कारण मास्टर सिलिंडरचं मागचं रबर गेलं तर काही गाड्यांत तेल तिथे उतरतं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. मग इंजिन सुरू करून पेडल दाबून धरलं. इंजिन सुरू होताना पेडल जरासं खाली जातं, ते बरोबरच आहे. पण नंतर ते एका जागी ठाम राहायला हवं. आमचं पेडल मुंगीच्या पावलांनी खाली खाली जात राहिलं.

मग मागच्या चाकांकडे वळले. पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकने गाडी उचलली आणि खाली लोखंडी घोडे दिले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली ते हातसुद्धा घालत नाहीत. 'का'साहेब अर्थातच हजर होते. त्यांना आणि आमच्या मुलीला काकांनी खडूने रेघ मारून दिली. "या रेघेच्या आत पाय आला तर काम बंद."

रबरी नळ्या वाकवून भेगा पाहिल्या. नव्हत्या. लोखंडी नळ्यांना गंज थोडा होता, पण वरवरचा. शेवटी डाव्या चाकाचा ड्रम काढला. आतली काळी पूड फुंकायला 'का'साहेबांनी गाल फुगवले, तोच काका ओरडले. लायनरची पूड छातीत जाऊ द्यायची नाही. जुन्या काळच्या लायनरमध्ये तर ॲस्बेस्टॉस असायचं, आणि त्याने फुप्फुसांचे भयंकर आजार होतात. काकांनी ती ओल्या फडक्याने टिपून घेतली.

आत व्हील सिलिंडर दिसला. त्याच्या दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या असतात, धूळ जाऊ नये म्हणून. काकांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एक टोपी हळूच उचलली. टपकन मोठा थेंब पडला.

"सापडला का?" 'का'साहेब.

"चोर सापडला. आता तो चोर का झाला, ते बघू," काका म्हणाले. त्यांनी सिलिंडर सोडवून आतला दट्टा काढला. दट्ट्यावर वाटीच्या आकाराचं एक रबर असतं. तेल अडवून धरायचं काम त्याचं. ते रबर कडेला कातरल्यासारखं झालं होतं. काकांनी बॅटरीच्या उजेडात सिलिंडरच्या आत दाखवलं. आरशासारखी गुळगुळीत असायला हवी ती भिंत गंजाने खड्डेखड्डे झाली होती. तेलाने वर्षानुवर्षं प्यायलेली ओल या कोपऱ्यात येऊन बसली होती. लोखंड गंजलं, आणि त्या खडबडीत भिंतीवर रबर खाली-वर होत कापलं गेलं.

यजमानांनी विचारलं, "नुसतं रबर किट बदलून भागेल?" ते स्वस्त पडतं. काका म्हणाले, "भिंत चांगली असती तर भागलं असतं. पॉलिश पेपरने घासून देणारेही आहेत. मी देत नाही. नवं रबर याच खड्ड्यांवर पुन्हा कापलं जाणार." लायनर तेलाने भिजले होते. ते पेट्रोलने धुऊन चालतील का, हाही प्रश्न झाला. तर नाही. लायनर तेल पितो. वरून वाळल्यासारखा दिसला तरी तापला की आतलं तेल बाहेर येतं. आणि बदलायचे तर मागच्या दोन्ही चाकांचे. एक नवा, एक जुना असं केलं तर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. उजव्या चाकाचा सिलिंडर उघडून पाहिला. पुठ्ठा कोरडा होता खरा, पण टोपीच्या आत ओल जमायला लागली होती. तोही बदलायचा ठरला. यजमानांनी खिशाकडे पाहून सुस्कारा सोडला.

रविवारी दुकानं बंद, म्हणून सामान सोमवारी आलं. नवे सिलिंडर आणि लायनर बसवायला काकांना फार वेळ लागला नाही. खरी मजा पुढे होती.

नळ्या उघडल्या म्हणजे आत हवा शिरली. म्हणजे आपला बुडबुडा! तो बाहेर काढल्याशिवाय ब्रेक लागणार नाही. सिलिंडरच्या मागे एक छोटं तोंड असतं, त्याला मिस्त्री लोक निपल म्हणतात. काकांनी त्याला पारदर्शक नळी लावली. नळीचं दुसरं टोक काचेच्या बाटलीत, थोड्या तेलात बुडवलं. बाटली मी धरली. यजमान पेडलवर. मुलीकडे डबीवर नजर ठेवायचं काम, कारण डबी रिकामी झाली तर तिथूनच पुन्हा हवा शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने केली. काही गाड्यांत हा क्रम वेगळा असतो, तो गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो.

"दाबा!" काका म्हणायचे.

"दाबलं!"

काका पान्याने निपल किंचित उघडायचे. नळीतून तेल यायचं, त्यात मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे. निपल बंद करायचं आणि मगच म्हणायचं, "सोडा!" हा क्रम चुकला, निपल उघडं असताना पाय वर आला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. दाबा, दाबलं. सोडा, सोडलं. शाळेतल्या कवायतीसारखं चाललं होतं. 'का'साहेब रेघेबाहेरून बुडबुडे मोजत होते. आधी चहासारखं तपकिरी तेल आलं, मग हळूहळू स्वच्छ पिवळसर. बुडबुडे पाच, तीन, एक... आणि मग नुसतं तेल. चारही चाकांना हेच केलं. त्यामुळे जुनं ओल प्यायलेलं तेल सगळंच बदललं गेलं.

तेलाची बाटली काकांनी आमच्यासमोर सील फोडून उघडली होती. बरोबर सांगायचं तर हे ऑइल नव्हेच. बाटलीवर 'ब्रेक फ्लुइड' लिहिलेलं असतं. नावाला भुलून यात इंजिन ऑइल ओतलं तर आतली सगळी रबरं फुगतात आणि अख्खी व्यवस्था बाद होते. हे तेल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंगही खातं. लगेच पाणी ओतून धुवायचं. जुनं तेल काका झाकणाच्या डब्यात भरून घेऊन गेले. गटारात ओतू दिलं नाही.

मग परीक्षा. पेडल आता दगडासारखं घट्ट. इंजिन सुरू करून यजमानांनी ते जोरात दाबून धरलं आणि काकांनी चारही चाकांपाशी बॅटरी मारली. कोरडं. हँडब्रेक ओढून पाहिला. मग काकांनी एकट्याने गाडी मैदानाकडेच्या सपाट रस्त्यावर नेली. चालत्या माणसाच्या वेगाने ब्रेक, मग थोड्या जास्त वेगाने ब्रेक. गाडी सरळ रेषेत थांबली.

"चालवताना अचानक पेडल मऊ लागलं तर काय करायचं?" हे मी विचारलं. काका म्हणाले, "पेडल भराभर दाबायचं, सोडायचं, थोडा ब्रेक परत मिळू शकतो. गिअर एकेक खाली. हँडब्रेक झटक्यात नाही, हळूहळू ओढायचा. आणि धावत्या गाडीची चावी काढायची नाही, स्टिअरिंग अडकेल."

तुमच्या घरी गाडी नसेल, पण काकाची किंवा दादाची डिस्क ब्रेकची मोटारसायकल असेल. तिच्या हँडलवर, ब्रेकच्या मुठीपाशी, एक छोटी डबी असते आणि पुष्कळदा तिला बटणाएवढी काचेची खिडकी. मोटारसायकल सरळ उभी करायला सांगा आणि त्या खिडकीत डोकावा. तेल खालच्या रेघेच्या वर आहे ना? रंग पिवळसर आहे की चहासारखा? झाकण मात्र उघडू नका, आणि काही वेगळं दिसलं तर मोठ्यांना सांगा.

त्या रात्री आम्ही चारही चाकांखाली पुन्हा नवे पुठ्ठे ठेवले. डबीवर जिथे तेल होतं तिथे पेनाने बारीक रेघ मारली. मंगळवारी सकाळी शाळा भरायच्या आधीच 'का'साहेब अंगणात उकिडवे बसले होते. चौथा पुठ्ठा त्यांनी बाहेर ओढला आणि हाक मारली, "बाई! डाग!"

माझ्या छातीत धस्स झालं. भाऊजीही चहाचा कप घेऊन बाहेर आले. मागच्या डाव्या चाकाचाच पुठ्ठा, आणि मधोमध ओला डाग. 'का'साहेबांनी नाक जवळ नेलं, लगेच मागे घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, हे शेजारच्या कोंबडीचं."